विमलअक्काचं खारं पाणी

अक्का,

काल सगळे पाहुणे गेले. तुझ्या भावजयीनं, रेखानं, ओट्यावरच्या सतरंज्या झटकून घड्या केल्या, मांडववाल्यानं खुर्च्या नेल्या, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला तुझ्या टाकीच्या पंपाचा आवाज ऐकू आला. तो बंद कधीच पडला नव्हता म्हणे. सांत्वनाला दारावर येणाऱ्यांच्या बोलण्यात, रडण्यात, चहाच्या कपांच्या आवाजात मला तो ऐकू येत नव्हता, एवढंच.

तुझ्या निळ्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून हे लिहितो आहे. तू असताना आपलं बोलणं बहुतेक वेळा भांडणावरच जायचं. मी तुझा धाकटा भाऊ, तरी तुला सल्ले मीच द्यायचो. तू ऐकून घ्यायचीस आणि करायचं तेच करायचीस. पिंप्राळ्याच्या या घरात तू चार वर्षं राहिलीस, त्यातलं शेवटचं अर्धं वर्ष या टाकीचं. त्या अर्ध्या वर्षात आपण जेवढं बोललो तेवढं आधीच्या चाळीस वर्षांत बोललो नसू.

शिंदखेड्याच्या शाळेत तू छत्तीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळलीस. परीक्षानळ्या धुणं, आम्लाच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावणं, बेडकाचा सांगाडा दर दिवाळीच्या सुटीत पुसून ठेवणं. तिथल्या कपाटात, पुठ्ठ्याच्या खोक्यात, कापसावर ठेवलेला एक पांढरा खडबडीत तुकडा होता. चिठ्ठीवर लिहिलं होतं, प्रवाळ. दर वर्षी नवी मुलं विचारायची, "मावशी, हा दगड शे ना?" आणि तू सांगायचीस की नाही, हा प्राणी होता, हे त्याचं घर आहे. एका वर्षी एका मुलीनं विचारलं, "मावशी, तुम्ही जित्ता देखेल शे का?" तू ते जिवंत कधी पाहिलंच नव्हतंस. ही गोष्ट तू मला गेल्या दिवाळीनंतर सांगितलीस, चहा घेता घेता, आणि त्याच दमात म्हणालीस, "मधू, खाऱ्या पाण्याची टाकी करायची. जिवंत प्रवाळ पाळायचं."

मी हसलो होतो. म्हणालो, "अक्का, जळगावात? मे महिन्यात इथं माणसं टिकत नाहीत."

"मी टिकले ना," तू म्हणालीस.

पुढचे पंधरा दिवस तू मोबाइलवर व्हिडिओ बघून वहीत टिपणं काढत होतीस. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, पुढच्या वर्षी निवृत्त होईन, तरी टाकीतलं पाणी मला कधी जमलं नाही ते तुला जमलं. तीन फुटी टाकी खिडकीपासून लांब, उत्तरेच्या भिंतीला लावायची, नाहीतर उन्हानं शेवाळ माजतं, हे तू ठरवलंस. स्टँडखाली लाकडाची पट्टी घालून पाणसळ लावून बघितलीस. मी म्हणालो, घरचा आरओ आहे की, त्याचंच पाणी घालू. तू पाण्यातले क्षार मोजायचं ते पेन्सिलीएवढं यंत्र पाण्यात बुडवून माझ्यासमोर धरलंस. नव्वद आकडा होता.

"प्यायला छान आहे," तू म्हणालीस. "प्रवाळाला शून्य लागतं. आपल्या बोअरमधलं सगळं काढून टाकायचं आणि मग समुद्राचं तेवढं घालायचं."

शेजारच्या काकूंनी विचारलं होतं, मीठच घालायचं तर किराणा दुकानातून खडेमिठाचं पोतं का आणत नाही. तू त्यांना बसवून समजावलंस की त्या मिठात नुसतं मीठ असतं, समुद्रात कॅल्शियम असतं, मॅग्नेशियम असतं, आणखी कितीतरी असतं, म्हणून वेगळं मीठ मागवावं लागतं. काकूंना किती कळलं कोण जाणे. पण तू अगदी शाळेतल्यासारखी उभी राहून बोलत होतीस, हातात बादली ढवळायची काठी, आणि मी दारातून बघत होतो. तुला शिकवताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. शाळेत तू फळ्यापाशी जायची नाहीस, ते तुझं काम नव्हतं.

बादलीत मीठ विरघळवून, लहान पंप सोडून ते पाणी दिवसभर फिरत ठेवायचं. मग खारेपणा मोजायचा, आणि काटा बरोबर आला तरच टाकीत ओतायचं. मी एकदा घाईनं मीठ सरळ टाकीत टाकायला निघालो तर तू माझं मनगट धरलंस. "घाई कसाले करस?" म्हणालीस. लाडात असलीस की तू अहिराणी बोलायचीस. रागावलीस की शाळेची मराठी यायची, आणि फार रागावलीस की मला "तुम्ही" म्हणायचीस. हे मी लहानपणापासून ओळखून होतो.

ते "तुम्ही" मी डिसेंबरात ऐकलं.

टाकी तयार दिसत होती. पाणी काचेसारखं, आत तू रचलेले सच्छिद्र दगड, वर निळसर दिवा. पण तू रोज नळीत पाणी घेऊन थेंब टाकायचीस, रंग बघायचीस आणि वहीत लिहायचीस, "अमोनिया आहे. थांबा." दगडांत जिवाणू वाढायला हवेत, ते घाण पचवायला लागले की मगच कुणाला आत सोडायचं. महिना लागेल, दीड लागेल. मग दगडांवर तपकिरी थर चढला. रेखाला वाटलं टाकी बिघडली. तू उलट खूश झालीस. म्हणालीस, हे व्हायचंच असतं, टाकी चालू लागलीय.

मला ती रिकामी टाकी बघवेना. तुझा वाढदिवस आला तेव्हा मी शहरातल्या एका दुकानातून नारिंगी पट्ट्यांचे दोन मासे आणले, आणि तू देवळात गेली असताना पाण्यात सोडले. तू परत आलीस. दारात चप्पल काढता काढता टाकीकडे बघितलंस आणि तशीच उभी राहिलीस. मला वाटलं आनंदानं.

"कधी सोडले?"

"आत्ता. तुझ्यासाठी."

तू चप्पल तशीच टाकून आत धावलीस, पाणी मोजलंस, बादलीतलं तयार पाणी बदलून घातलंस, पुन्हा मोजलंस. दोन दिवस तू त्या माशांसाठी धडपडलीस. ते पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही तळाशी पडले होते. तू त्यांना जाळीनं काढलंस, कागदात गुंडाळलंस, अंगणातल्या कढीपत्त्याखाली पुरलंस आणि आठ दिवस माझ्याशी बोलली नाहीस.

नवव्या दिवशी मीच विषय काढला. तू परीक्षानळी हलवत बसली होतीस. मी म्हणालो, "अक्का, मी तुझ्या आनंदासाठीच आणले होते."

"तुम्हाला रसायनशास्त्राची पदवी कोणी दिली?" तू विचारलंस.

मला लागलं ते. आणि लागलं की मी नेहमी ज्याचा आधार घेतो त्याचाच घेतला. म्हणालो, "तुझ्यामुळेच मिळाली ना ती पदवी. तू माझ्यासाठी कॉलेज सोडलंस. त्याची परतफेड म्हणून मी काही करायला जावं तर..."

तू नळी खाली ठेवलीस. हात पुसलेस.

"मी तुझ्यासाठी काहीही सोडलेलं नाही," तू म्हणालीस. "मी नापास झाले होते. फिजिक्समध्ये. दोनदा."

मला आठवतंय, मी हसलो. कारण मला ते अगदीच तुझ्यासारखं वाटलं. माझ्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून तू काहीही बोलशील अशीच मला तू माहीत होतीस. आपल्या घरात ही गोष्ट मी सोळा वर्षांचा असल्यापासून सांगितली जात होती. त्या वर्षी मी दहावी होऊन अकरावीला धुळ्याला गेलो आणि तू धुळ्याहून नरडाण्याजवळच्या आपल्या गावी परत आलीस. वडिलांनी सगळ्या भावकीला सांगितलं, दोघांचं बाहेरगावी शिक्षण झेपणारं नव्हतं, पोरीनं भावासाठी सोडलं. मी ती गोष्ट पुढे नेली. माझ्या लग्नात सांगितली, घराच्या वास्तुशांतीला सांगितली, कॉलेजात वर्गात मुलांना सांगितली. तू लग्न केलं नाहीस, तेही मी त्यातच धरलं. तू प्रत्येक वेळी खाली मान घालून बसायचीस आणि मला वाटायचं, किती नम्र आहे माझी बहीण.

"तू मला बरं वाटावं म्हणून सांगतेस," मी म्हणालो.

"बघ," तू म्हणालीस. "आत्ताही ऐकत नाहीस."

मग तू जे बोललीस ते मी तेव्हा नुसतं ऐकून घेतलं. तू म्हणालीस, वडिलांना पोरगी नापास झाल्याची लाज वाटली असती, म्हणून त्यांनी ती गोष्ट रचली, आणि तू त्यांच्या तोंडाकडे बघून गप्प राहिलीस. ते गेल्यावर सांगू म्हणालीस, पण तोवर मी ती इतक्या ठिकाणी सांगून बसलो होतो की खोटा ठरलो असतो मी. "तू दर कार्यक्रमात माझा सत्कार करतोस," तू म्हणालीस, "आणि मला वाटतं, हा माझ्याबद्दल बोलतच नाहीये. दुसरीच कोणी बाई आहे ती. तिला भेटलास तर सांग, मला तिचा कंटाळा आलाय."

मी विश्वास ठेवला नाही. तू पुन्हा माझ्याशी बोलायला लागलीस, पुन्हा अहिराणी आली, मी समजलो भांडण मिटलं.

जानेवारी संपता संपता वहीत तू दोन शून्यं लिहिलीस आणि त्यांच्याभोवती गोल काढलास. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. आणखी दोन आठवडे तू थांबलीसच, माझ्याकडे बघून मुद्दाम. आणि मग आपण सुरतेला गेलो.

तो दिवस मला पुन्हा हवा आहे, अक्का. बाकी कुठला मागणार नाही. सकाळची गाडी, तुझ्या मांडीवर थर्माकोलचा रिकामा खोका, रेखानं दिलेल्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा. शिंदखेडा स्टेशन आलं तेव्हा तू खिडकीच्या गजाला कपाळ लावून बघत राहिलीस. मला वाईट वाटलं. म्हणालो, "इथं तुझं आयुष्य गेलं."

"गेलं म्हणजे?" तू विचारलंस. "इथं मी छत्तीस वर्षं मला आवडतं ते काम केलं. मुलांच्या हातात पहिल्यांदा भिंग देताना त्यांची तोंडं बघायची असतात मधू. तुझ्या वर्गात सगळे पेपरसाठी येतात. माझ्याकडे बघायला यायचे. तू त्याला शिक्षा समजतोस."

मी काहीतरी गुळमुळीत बोललो. तू भाकरी सोडलीस आणि अर्धी माझ्या हातावर ठेवलीस.

सुरतेत पहिल्या दुकानदारानं आपल्याला आतल्या खोलीत नेलं आणि एका टाकीतलं हिरवंगार, फांद्याफांद्यांचं प्रवाळ दाखवलं. माझ्या तोंडून "वा" निघालं. तू त्याला विचारलंस, "ये समुंदर से तोड़ के लाया है?" तो हसला. म्हणाला, "माजी, आपको क्या करना है? किसी को दिखाना मत, बस." तू पिशवी उचललीस आणि बाहेर पडलीस. मी मागून येत सांगत होतो की परतीची गाडी दोन तासांत आहे, दुसरं दुकान शोधायला वेळ नाही, एकच तर तुकडा आहे. तू रस्त्यावर उभी राहिलीस.

"एकच तुकडा माझ्या कपाटात होता," तू म्हणालीस. "तोही कोणीतरी असाच तोडला असणार. कायद्यानं बंदी आहे त्याला, आणि नसती तरी मला नको."

आपली गाडी चुकली. दुसरं दुकान लहान होतं, पण त्या माणसानं टाकीतच वाढवलेली मऊ प्रवाळं ठेवली होती. ज्या मोठ्या झुबक्यातून त्यानं लहान तुकडे कापून वाढवले होते तो झुबका तू बघायला मागितलास आणि तासभर त्याच्याशी बोलत राहिलीस. शेवटी आपण तीन पिशव्या घेतल्या. एक भूछत्रीसारखं. एक, ज्यावर बटणाएवढी हिरवी-केशरी फुलं होती. आणि एक ते, जे मूठ उघडावी आणि मिटावी तसं सतत उघडमीट करतं. दुकानदार त्याला झेनिया म्हणत होता. तू म्हणालीस, "हे हात करतंय, मधू." परतीच्या पॅसेंजरमध्ये खोका तू कुणालाच धरू दिला नाहीस.

घरी आल्यावर तू हातमोजे घातलेस, डोळ्यांवर चष्मा चढवलास, आणि मलाही घालायला लावलास, कारण त्या बटणाच्या फुलांत विष असतं. पिशव्या टाकीवर तरंगत ठेवल्यास. मग बारीक नळीला गाठ मारून टाकीचं पाणी थेंब थेंब त्यांच्यात सोडलंस. मी घड्याळ बघत नव्हतो. मी तुझ्याकडे बघत होतो. तू बायकोला म्हणालीस, "रेखा, तुझा नवरा आज गप्प बसलाय, तारीख लिहून ठेव."

तीन दिवस काहीच उघडलं नाही. तू दिवा मंद केलास, वाट बघत राहिलीस. चौथ्या दिवशी मी कॉलेजातून आलो तर तू दारातच उभी होतीस. माझा हात धरून आत नेलंस. सगळी उघडली होती. झेनिया मुठी मिटत होतं, उघडत होतं. तू काचेला बोट लावून हळूच म्हणालीस, "देख. जित्तं शे."

तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही. पण मी तेव्हा काय म्हणालो, आठवतं? म्हणालो, "अक्का, शेवटी तुझ्या कष्टाचं चीज झालं." तुझ्या चेहऱ्यावर काहीतरी विझलं. तू म्हणालीस, "कष्ट कुठले? मजा आली." आणि चहा ठेवायला गेलीस.

तू गेलीस तो एप्रिलचा सोमवार. मला परीक्षेची ड्यूटी होती. मी बूट घालत होतो आणि तू आतून हाक मारलीस, "मधू, जरा येतोस? एक दाखवायचंय." मी म्हणालो, "आल्यावर बघतो." अकरा वाजता रेखाचा फोन आला की तुझी छाती भरून आलीय, रिक्षानं दवाखान्यात नेतेय. मी पोचलो तेव्हा रेखा बाकावर बसली होती आणि तिच्या हातात तुझा चष्मा होता. काय दाखवायचं होतं तुला? मी त्यानंतर टाकी कानाकोपऱ्यातून बघितली. काही नवं असेल तर मला ओळखता येत नाही. तुझ्यासारखं बघायला मी शिकलोच नाही.

आणि आता तुला सांगायलाच हवं ते. तुझ्या सुतकात टाकीकडे कोणी बघितलं नाही. ऊन कडक होतं. पाणी गार ठेवणारा चिलर चालू होता, पण पाणी उडत होतं, आणि तू रोज सकाळी गोडं पाणी घालून ते भरून काढायचीस हे मला माहीत असूनही सुचलं नाही. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. दहाव्या दिवशी रेखानं मला दंडाला धरून टाकीपुढे आणलं. पाणी चार बोटं खाली गेलं होतं. मी खारेपणा मोजला, फार वाढला होता. आपले थोरले चुलतभाऊ दगाआबा म्हणाले, "त्या पेटीनं मागथून देखू." पण नंतर बघू हे त्यांचं मी ऐकलं नाही. एकदम पाणी ओतलं नाही, अक्का. तीन दिवस, थोडं थोडं, तुझ्या वहीत लिहिलंय तसं. भूछत्री वाचली. बटणांची फुलं आज पुन्हा उघडली. झेनिया वाचलं नाही. ते विरघळून गेलं. दुसऱ्या दिवशी दगडावर नुसता पांढरट डाग होता. जे तुला हात करायचं तेच गेलं, आणि ते माझ्या हातून गेलं. माफ कर म्हणणंही सोपं वाटतं आहे.

परवा गंधमुक्तीला, तुझ्या उत्तरकार्याच्या दिवशी, अंगण भरून माणसं होती. शिंदखेड्याच्या तुझ्या शाळेतले शिक्षक, गावची भावकी, तुझ्या हातून भिंग घेतलेली आता केस पिकलेली माणसं. दगाआबा बोलायला उभे राहिले. म्हणाले, "इमलनी भाऊकरता शिक्षण सोडी दिन्हं. आशी बहीण बठ्ठासले भेटो." सगळ्यांनी माना हलवल्या. मग मला उठवलं. सगळ्यांना माहीत होतं मी काय बोलणार. मलाही माहीत होतं. वाक्य तोंडाशी आलं होतं.

आणि मला तुझी खाली घातलेली मान दिसली. माझ्या लग्नातली, वास्तुशांतीतली. ती नम्रता नव्हती, अक्का. तू कंटाळली होतीस.

मी म्हणालो, "दगाआबा म्हणाले ते मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. पण अक्कानं मला डिसेंबरात सांगितलं की ते खरं नाही. ती म्हणाली, मी फिजिक्समध्ये दोनदा नापास झाले. मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. आजही मला नक्की माहीत नाही. पण तिनं स्वतःबद्दल स्वतः सांगितलेली ती एकच गोष्ट आहे, म्हणून मी ती सांगतो. तिला तिचं काम आवडायचं. तिनं कुणासाठी काही सोडलं नव्हतं."

दगाआबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. रेखा माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, मी तुझ्या मरणानंतर भर सभेत तुला नापास करून बसलो.

तेवढ्यात मागून आवाज आला. "दोनदा नाही. तीनदा."

पांढऱ्या केसांच्या एक बाई उभ्या राहिल्या होत्या. सकाळच्या एसटीनं धुळ्याहून एकट्या आल्या होत्या, त्यांना कोणी ओळखत नव्हतं. म्हणाल्या, "मी कमल. कॉलेजात विमलची मैत्रीण. आम्ही दोघी संगतीनं नापास झालो. तिसऱ्यांदा ती फॉर्म भरून आली आणि पेपरलाच गेली नाही. मी बाहेर तिची वाट बघतेय, आणि ही समोरच्या टपरीवर चहा पीत बसलेली. मला म्हणाली, कमल, तू पण ये, आत फार उकडतंय."

पहिल्यांदा कोण हसलं माहीत नाही. बहुतेक तुझ्या शाळेतलं कोणीतरी. मग सगळं अंगण हसलं. दगाआबा हसले. रेखा तोंडाला पदर लावून हसत होती आणि रडत होती. तुझ्या गंधमुक्तीला माणसं हसली, अक्का, आणि मी मात्र उभ्या जागी असा रडलो की दोघांनी धरून बसवलं. चाळीस वर्षं मी तुझे उपकार मानत राहिलो. तू सांगितलंस तेव्हाही तुझ्यापेक्षा त्या उपकारांवर माझा जास्त विश्वास होता. आता ते नाहीत, आणि नुसती तू उरली आहेस, जिला मी ओळखतच नाही.

जेवणं झाल्यावर कमलताई टाकीपाशी आल्या. बराच वेळ त्या मिटलेल्या फुलांकडे बघत होत्या. मी त्यांना म्हणालो, तिच्याबद्दल आणखी सांगा, काहीही सांगा. त्या म्हणाल्या, "काय सांगू भाऊ? निकाल लागला त्या दिवशी आम्ही रडलो, मग बर्फाचा गोळा खाल्ला. विमलनं माझ्या भावाची सायकल घेतली, मला मागे बसवलं आणि पांझरेच्या पुलावरून अशी जोरात हाणली, मी ओरडतेय आणि ही गाणं म्हणतेय."

अक्का, तुला सायकल येत होती?